सही आली, वाचन कधीं येणार?

भिवंडीच्या कचेरीच्या आवारांत कोणत्याहि कामाच्या दिवशीं तासभर उभें राहावें आणि लोकांच्या हातांकडे पाहावें. पूर्वी तेथें शाईची डबी आणि निळे झालेले अंगठे दिसत. आतां बहुतेकांच्या खिशाला पेन असतें. दलाल कागद पुढें करतो, बोटानें जागा दाखवितो, "इथं, इथं आणि मागच्या पानावर" म्हणतो. आणि आमचा शेतकरी बंधु ऐटीनें सही ठोकतो. कागदावर काय लिहिलें आहे तें ना हा विचारीत, ना तो सांगत. हें पाहून आम्हांस प्रथम आनंद झाला, कीं चला, आमच्या माणसांचा अंगठा गेला! पण घरीं येईपर्यंत तो आनंद जिरला. अंगठा गेला हें खरें. पण त्याच्या जागीं आलें काय? न वाचतां केलेली सही ही अंगठ्याचीच धाकटी बहीण नव्हे काय?

आम्ही खेड्यांतील मास्तर. अध्यापक विद्यालयांत शिकून बाहेर पडलों आणि वीस वर्षांहून अधिक काळ याच तालुक्यांतील पोरांना अक्षरें गिरवायला लावीत आलों. तेव्हां या लेखांत जो दोष आम्ही दाखविणार आहों, त्यांतील निम्मा प्रथम आमच्याच पदरांत घेतों आणि मग बोलतों.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. भाताची झोडणी आटोपली होती. आमचा एक जुना विद्यार्थी संध्याकाळीं आमच्या ओटीवर येऊन बसला. स्वतः दहावी पास, बाप म्हातारा, रस्त्यालगत अठरा गुंठे भाताची जमीन. हातांत चार पानांचा कागद. म्हणाला, "गुरुजी, गोदामवाल्यांनी मोजणीपुरता कागद म्हणून सही घेतली होती. आता म्हणतात, विकायचा अधिकार आमचा." आम्हीं कागद त्याच्याच हातीं दिला आणि म्हटलें, "बाबा, मोठ्यानें वाच." तो वाचूं लागला. अक्षर एकहि अडलें नाहीं. 'कुलमुखत्यारपत्र' हा शब्द त्यानें तोडून तोडून कां होईना, पण बरोबर वाचला. जमीन विकण्याचा, मोबदला घेण्याचा आणि खरेदीखत नोंदवून देण्याचा अधिकार दिल्याचें लांबलचक वाक्यहि तो शेवटपर्यंत वाचून गेला. आम्हीं विचारलें, "काय लिहिलें आहे?" तो गप्प. पुन्हां विचारलें, तेव्हां मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, वाचलं, पण कळलं नाही." आणि सही? सही मोठी झोकदार होती. खालीं बापाचीहि होती. तीहि म्हातारपणीं कष्टानें शिकलेली.

तें प्रकरण आज कोर्टांत आहे. म्हणून त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. पण त्या रात्रीं आम्हांस झोप आली नाहीं. हा मुलगा आमच्याच हातून शिकला. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'वाचन उत्तम' हा शेरा आमच्याच अक्षरांत आहे! आम्हीं त्याला अक्षरें दिलीं आणि समजलों कीं वाचन दिलें. बी पेरल्यावाचून नुसती नांगरट करावी आणि पीक कां आलें नाहीं म्हणून आभाळाकडे पाहावें, तशांतला हा प्रकार.

हें रडगाणें एकट्या आमच्या शाळेचें नव्हे. 'असर' नांवाची जी पाहणी देशांतील खेड्यांत होते, तिच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें सरकारी शाळांत पांचवींत बसणाऱ्या १०० मुलांत दुसरीच्या पुस्तकांतील उतारा नीट वाचूं शकणारीं ४५ देखील भरलीं नाहींत. उरलेलीं वर्ग चढत जातात, सही शिकतात, मोठीं होतात आणि एके दिवशीं त्याच कचेरीच्या आवारांत जाऊन उभीं राहतात.

कोणी म्हणेल, "मास्तर, वाचन न आल्यानें एवढें काय बिघडतें? शेत नांगरायला पुस्तक लागत नाहीं, कीं मागाचा धोटा चालवायला ग्रंथ लागत नाहीं." काय बिघडतें तें आपल्याच वेशींत पाहा. ज्या राहनाळ, पूर्णा, वळ, काल्हेर, मानकोलीच्या शिवारांत भात डोलत होता, तेथें आज गोदामांचे पत्रे तळपतात. नागपुराहून निघालेला ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यांत आमणे येथें येऊन थांबतो. त्याचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गहि याच तालुक्यांतून आंखला आहे. रस्ते नकोत, गोदामें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हें सारें आपल्या बांधावर आलें तें आधीं कागद होऊन आलें. आणि कागदाशीं कागदाच्याच हत्यारानें बोलावें लागतें.

कायद्यानें शेतकऱ्याला अगदींच वाऱ्यावर सोडलेलें नाहीं. १९५६ सालच्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणें जमीन घेण्याची अधिसूचना निघाली म्हणजे तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो, आणि त्यांतील एक देशी भाषेचें असावें लागतें. अधिसूचनेपासून २१ दिवसांत हरकत घेतां येते. २०१३ सालच्या भूसंपादन कायद्यांत हरकतीची मुदत ६० दिवसांची आहे. गांवांत फेरफाराची नोंद धरली म्हणजे तिची नक्कल चावडींत लावावी आणि संबंधितांस लेखी कळवावें, असें १९६६ सालच्या महसूल कायद्यांत सांगितलें आहे. म्हणजे सरकारनें गृहीतच धरलें आहे कीं, हा मनुष्य वाचतो! कायद्याच्या दृष्टीनें छापलें म्हणजे कळविलें, आणि चिकटविलें म्हणजे सांगितलें. आतां ज्याच्या घरीं वर्तमानपत्र फक्त वडे बांधून येतें, त्याचे ते २१ दिवस कोणीं नेले? तेलाच्या डागाखालीं त्याच्याच गांवाचें नांव आणि त्याच्याच शेताचा गट नंबर छापलेला असतो. हा वडा खातो आणि कागद चुरगळून टाकतो!

सातबाऱ्याचेंहि तेंच. सातबारा घराघरांत आहे. पण वाचतो कोण? नांव आणि क्षेत्र पाहिलें कीं घडी घालून पेटींत. नमुना सात हा हक्काचा, नमुना बारा हा पिकाचा, आणि सातावरच 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो, हें कितीजणांस ठाऊक आहे? कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, दुसऱ्याचें हितसंबंध सारे त्या रकान्यांत बसलेले असतात. घरांतील म्हशीच्या अंगावरची गोचीड आम्हांस दिसते. आमच्या जमिनीच्या अंगावरची दिसत नाहीं.

मायबहिणींनो, तुमच्याविषयीं तर अधिकच बोललें पाहिजे, आणि हें बोलतांना आमच्या पुरुषवर्गास राग आला तरी हरकत नाहीं. २००५ सालच्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाइतकाच ठरला. पण दिवाळीला माहेरीं आलेल्या बहिणीपुढें भाऊ कागद ठेवतो आणि म्हणतो, "ताई, तलाठ्याकडचा साधा कागद आहे, सही कर." तो कागद हक्कसोडपत्र असतो. बहिणीनें समजून उमजून हक्क सोडला तर तो तिच्या मनाचा मोठेपणा. न वाचतां तिच्याकडून सोडवून घेतला तर ती चोरी. दलालाला शिव्या देणाऱ्या भावानें आपण घरांत तोच धंदा करतों कीं काय, हें एकदां आपल्या मनास विचारावें.

येथवर आम्ही कागदाविषयींच बोललों. पण कागद वाचणें ही वाचनाची पहिली पायरी. घर पुढेंच आहे. 'आमच्या वाडवडिलांनीं कोठें पुस्तकें वाचलीं होतीं?' असें विचारणारे पुष्कळ भेटतात. अहो, वाडवडिलांनीं वाचलें नाहीं, कारण त्यांस वाचूं दिलें नाहीं! ज्याला पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं, त्याला तहानच नव्हती असें कोणी म्हणतो काय?

जोतीराव फुल्यांचेंच पाहा. या माळ्याच्या मुलाला शाळेंतून काढून बापानें मळ्यांत कामाला लाविलें होतें. गफार बेग मुनशी आणि लेजिट साहेब या दोघां भल्या माणसांनीं मुलाची वाचण्याची ओढ ओळखली, बापाची समजूत घातली आणि १८४१ सालीं जोतीराव पुन्हां शाळेंत बसले. १८४७ सालीं त्यांनीं टॉमस पेन याचें माणसाच्या हक्कांवरील पुस्तक वाचलें. तें पुस्तक कोणत्या परीक्षेला नेमलें नव्हतें. वाचून नोकरी लागणार नव्हती. पण दुसऱ्याच वर्षीं, १८४८ सालीं, त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन देऊन, रयतेच्या पैशांतून वरच्यांचीं मुलें शिकतात आणि रयतेचीं पोरें कोरडीं राहतात, हें गाऱ्हाणें मांडलें. १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. वाचन माणसाला काय करतें असें विचारणाऱ्यानें एवढेंच पाहावें: पुस्तक हातीं आलें नसतें तर जोतीराव चांगले माळी झाले असते, पण आपली अशी दशा कां, हा प्रश्न आपल्या वतीनें इतक्या मोठ्यानें कोणीं विचारला असता?

माग चालविणाऱ्या बंधूंनीं दुसरें उदाहरण घ्यावें. नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या ठाण्याचे, जन्म १८४८. गिरणींत नोकरी करणाऱ्या या गृहस्थांनीं १८८० सालापासून मुंबईहून 'दीनबंधु' पत्र चालविलें, मजुरांचीं गाऱ्हाणीं छापलीं, अर्ज केले, सभा भरविल्या. आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमजुरांस रविवारची सुटी मिळाली. आज जो रविवारीं पाय पसरून निजतो, तो छापील अक्षराच्या पुण्याईवर निजतो! हें 'दीनबंधु' पत्र कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं सुरू केलें होतें. त्यांचेच चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनीं १९१० सालीं 'दीनमित्र' काढलें आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील तरवडी या खेड्यांतून तें वर्षानुवर्षें चालविलें. त्या काळीं एक वाचणारा आणि दहा ऐकणारे अशी स्थिति. तरी खेड्यांतून वर्तमानपत्र निघे. आज दहा वाचणारे आणि ऐकणारा एकहि नाहीं, कारण वाचणाराच वाचत नाहीं.

"आतां मोबाइल आला, पुस्तक कशाला?" असें तरुण मंडळी म्हणतात. आम्ही मोबाइलचे वैरी नाहीं. सातबारासुद्धां आतां मोबाइलवर पाहतां येतो; ही गोष्ट चांगली. पण दिवसभर बोटानें सरकवीत बसणें म्हणजे वाचन नव्हे. त्यांत आलेली गोष्ट कोणीं लिहिली, कां लिहिली, खरी कीं खोटी, हें विचारायला तो क्षणभर थांबूं देत नाहीं. एक गेली कीं दुसरी पुढें उभी. पुस्तक गरीब असतें. तें तुमच्यासाठीं थांबतें. एक वाक्य कळलें नाहीं तर तें दहा वेळां तेंच वाक्य निमूटपणें पुन्हां सांगतें. आमचा तो विद्यार्थी रोज मोबाइलवर तासन् तास घालवी. पण चार पानें सलग वाचण्याची संवय त्याला नव्हती, आणि त्याच्या आयुष्याचा सौदा नेमका चार पानांवर होता.

"वेळ नाहीं" हें तिसरें कारण. बारा बारा तास यंत्रमागाच्या खडखडाटांत उभा राहणारा मजूर आणि लावणीच्या चिखलांत वांकलेली बाई यांस 'वाचा' म्हणणें म्हणजे पोटभरल्या माणसाचा उपदेश वाटेल. तो वाटूं नये म्हणून आम्ही थोडेंच मागतों. श्रावणांत आपल्या घरीं पोथी लागते कीं नाहीं? एकजण वाचतो, सारें घर ऐकतें. ज्याला अक्षर येत नाहीं तोहि बसतो, त्याला कोणी ऊठ म्हणत नाहीं. म्हणजे वाचनाचा परिपाठ आपल्या घरांत आहेच. मग श्रावण संपला कीं तो कां संपावा? त्याच पाटावर उरलेले अकरा महिने एखादें शेतीचें पुस्तक, एखादें चरित्र, आजचें वर्तमानपत्र ठेवून पाव तास वाचावें. अट एकच: वाचणाऱ्यास थांबवून 'म्हणजे काय?' असें विचारण्याचा हक्क घरांतील लहानमोठ्या प्रत्येकास असावा. पोथी ऐकतांना आम्ही मान डोलावितों. पुस्तक ऐकतांना मान वर करावी. अक्षर मराठी असो, उर्दू असो, तेलुगू असो. भिवंडीच्या मागावर या साऱ्या भाषा बोलल्या जातात आणि फसविला जाणारा मजूर कोणत्याहि भाषेंत फसतो.

आतां आमच्या पदरांतील निम्म्या दोषाकडे येतों. आमच्या शाळेंत पुस्तकांचें कपाट आहे. सरकारनें पाठविलेलीं चित्रांचीं, गोष्टींचीं, विज्ञानाचीं चांगलीं पुस्तकें त्यांत आहेत. पण त्याची किल्ली वर्षानुवर्षें आमच्या खिशांत होती. कां? तर पोरें फाडतील, नोंदवहींत एक पुस्तक कमी भरेल आणि तपासणीला येणारे साहेब विचारतील! पुस्तक कोरें राहिलें तर मास्तर चांगला, आणि वाचून फाटलें तर मास्तर गुन्हेगार, असा हा उफराटा न्याय. आणि आम्हींहि तो भित्रेपणानें मान्य केला. धान्याच्या कणगीला कुलूप लावून पोरांना उपाशी निजविणाऱ्या बापाला आपण काय म्हणतों? आमच्या सहव्यवसायी बंधूंनीं आपापल्या खिशांत हात घालून पाहावें. पुष्कळांस अशीच किल्ली सांपडेल.

वाचनालयांविषयींहि थोडें बोलूं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. ज्यांनीं तीं काढलीं आणि टिकविलीं त्यांचे उपकार आहेतच. पण या दोन्ही गांवांच्या आणि आपल्या तालुक्याच्या मध्यें एक खाडी काय ती आहे. ती खाडी ओलांडून पुस्तक आमच्या भातखाचरांपर्यंत यायला सव्वाशें-दीडशें वर्षें पुरूं नयेत? मालाच्या गाड्या रोज हजारोंनीं खाडी ओलांडतात. पुस्तकालाच होडी मिळाली नाहीं! १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, खेड्यांतील वाचनालयांस अनुदान मिळूं लागलें. कांहीं ठिकाणीं त्याचें सोनें झालें. पण कांहीं ठिकाणीं पाटी, दोन खुर्च्या आणि कुलूप एवढेंच वाचनालय उरलें. अनुदान आलें कीं दार उघडतें, तपासणी झाली कीं मिटतें. आपल्या गांवांत असें दार असेल तर तें कां मिटलेलें आहे, हें ग्रामसभेंत उठून विचारणें हें वाचकाचेंच काम आहे.

शेतकऱ्याच्या घरांत पुस्तक शोभत नाहीं, असें कोणास वाटत असेल तर त्यानें पांचगणीजवळचें भिलार पाहावें. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्यांचें हें गांव ४ मे २०१७ रोजीं पुस्तकांचें गांव झालें. तेथें शेतकऱ्यांच्या ओसरीवर, माजघराला लागून पुस्तकांचीं कपाटें उभीं आहेत आणि आलागेला कोणीहि बसून वाचतो. स्ट्रॉबेरीच्या शेजारीं पुस्तक पिकतें, तर भाताच्या शेजारीं कां पिकूं नये?

आम्ही आमच्यापुरतें एक केलें आहे, तें सांगतों. बढाई म्हणून नव्हे, दंड भरला म्हणून. कपाटाचें कुलूप काढून टाकलें. पुस्तकें फाटूं लागलीं. पोरेंच तीं खळ लावून चिकटवूं लागलीं. शनिवारीं रात्रीं शाळेच्या पडवींत तासभर मोठ्यानें वाचन चालतें. प्रथम चारजण आले. आतां कधीं दहा, कधीं पंधरा येतात, लावणीच्या दिवसांत दोनच. एका शनिवारीं 'असूड' वाचला जात होता. कोपऱ्यांत एक आजी बसल्या होत्या. त्यांना अक्षराची ओळख नाहीं. मध्येंच त्यांनीं विचारलें, "मास्तर, हे कधी लिहिलं?" आम्हीं १८८३ साल सांगितलें. आजींनीं बोटांवर कांहीं हिशेब केला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा पणजा तेव्हा जिता असंल. त्याच्यासाठी लिहिलं, मग त्याला कोणी वाचून कसं दाखवलं नाही?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर तोंडानें देण्याचें नाहींच. पुढच्या शनिवारीं पुन्हां वाचायला बसणें हेंच त्याचें उत्तर.

तेव्हां बंधुभगिनींनो, आमचें मागणें थोडक्यांत असें. जो कागद घरांत कोणीं मोठ्यानें वाचून त्याचा अर्थ साऱ्यांस सांगितला नाहीं, त्यावर सही करूं नका; दलाल घाई करील तर त्याला सांगा, "आमच्या घरीं आधीं वाचतात, मग सही करतात." आपला सातबारा वर्षांतून एकदां तरी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. बहिणीपुढें कागद ठेवाल तर आधीं तो तिला वाचून दाखवा. शाळेंतील कपाटाची किल्ली मास्तरापाशीं मागा. तो देत नसेल तर हा लेख त्याला वाचून दाखवा. आणि रोज पाव तास घरांत पुस्तक उघडा.

आमचा तो विद्यार्थी आतां शनिवारीं येतो. पहिले कांहीं दिवस मागें बसे. हल्लीं पुस्तक स्वतःच मागून घेतो. परवां वाचतांना एका शब्दाशीं थांबला आणि म्हणाला, "गुरुजी, हे कळलं नाही, कळल्याशिवाय पुढं जात नाही." त्याची जमीन परत येईल कीं नाहीं, तें न्यायाधीशांच्या हातीं. पण हें वाक्य त्यानें सहीच्या आधीं म्हटलें असतें, तर कोर्टाची पायरी त्याला चढावी लागली नसती. तुमच्या मुलानें तें सहीच्या आधीं म्हणावें, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप.